नाव घ्यावं, गोवू नये

आपल्या मराठीने 'नाव' या दोन अक्षरांभोवती मोठा संसार मांडला आहे. मुलगी दहावीला चांगले मार्क मिळवते तेव्हा ती घराण्याचं नाव काढते. शेजारीण दुसरीच्या आमटीला नावं ठेवते. पोरगं नापास झालं की बाप शाळेच्या नावाने खडे फोडतो. नवी नवरी उखाण्यात नाव घेते. आणि चाळीत भांडण होऊन प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं, की जो त्या वेळी तिथे नव्हताच त्याचंही नाव कुणीतरी गोवतं. नाव तेच असतं. क्रियापद बदललं की माणसाची अब्रू वर किंवा खाली होते.

आज ज्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे तिला मराठीत अजून स्वतःचं क्रियापद मिळालेलं नाही. आपण सरळ 'टॅग करणं' म्हणतो. फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये आपल्या मजकुराला वा फोटोला मित्राचं नाव जोडायचं, ते हे टॅग करणं. मूळ शब्द कपड्यांच्या दुकानातला. नव्या सदऱ्याच्या कॉलरला जी चिठ्ठी लोंबत असते ती म्हणजे टॅग. ती चिठ्ठी आता माणसांना लागते. ती कशी लावावी, कुणाला लावावी आणि कधी लावू नये, एवढाच आजचा विषय.

आधी हे कसं करतात ते सांगतो, कारण नातवाने फोन हातात ठेवला आणि तो क्रिकेट खेळायला निघून गेला, असेही श्रोते असतील. मजकूर लिहिताना जिथे मित्राचं नाव यायचं तिथे ॲट हे चिन्ह उमटवायचं. इंग्रजी ए आणि त्याच्याभोवती शेपटी गुंडाळलेली, तेच ते. मध्ये जागा न सोडता नावाची पहिली अक्षरं टाकायची. खाली नावांची यादी येते, तिच्यातलं हवं ते नाव निवडायचं. फोटो असेल तर चेहऱ्यावर बोट ठेवून नाव निवडायचं. झालं. हे चिन्ह पूर्वी व्यापाऱ्यांच्या हिशेबात 'अमुक दराने' या अर्थाने यायचं. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश पाठवताना माणसाचं नाव आणि त्याच्या यंत्राचं नाव यांच्यामध्ये ते घातलं. आपल्या पोस्टकार्डावर 'मुक्काम पोस्ट' असे, तसंच काहीसं. पुढे २००५ साली फेसबुकने फोटोतल्या माणसांना नावं जोडण्याची सोय केली, २००९ साली लिहिलेल्या मजकुरातही ती आली. इन्स्टाग्रामवर फोटोतला टॅग २०१३ साली आला आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये नाव घेऊन हाक मारणं २०१६ साली सुरू झालं.

यात आपल्याकडच्या दोन-तीन अडचणी आहेत. मित्राने आपलं खातं इंग्रजी अक्षरांत उघडलं असेल आणि तुम्ही देवनागरीत शोधलंत, तर पुष्कळदा तो सापडत नाही. मग इंग्रजी अक्षरांत शोधा. दुसरी अडचण नामसाधर्म्याची. गिरगावातल्या एका वाडीत चार जोशी आणि लालबागच्या एका मजल्यावर तीन सावंत, अशी आपली वस्ती. नावाशेजारचा फोटो पाहिल्याशिवाय बोट ठेवू नका, नाहीतर एका सावंताच्या वाढदिवसाचे पेढे दुसऱ्या सावंताच्या खात्यावर पडतात. तिसरी अडचण मला सगळ्यांत जास्त खटकते. यंत्राला 'ताई', 'काका', 'सर' कळत नाहीत. सत्तरी ओलांडलेल्या आपल्या मुख्याध्यापकांचं नावही टॅगमध्ये उघडंबोडकं उभं राहतं, हजेरीपटावर आपलं असायचं तसं. म्हणून टॅगच्या पुढेमागे आपल्या हाताने 'सर' किंवा 'बाई' लिहावं. दोन अक्षरांचंच काम आहे.

आता टॅग केल्यावर काय घडतं? मित्राचा फोन वाजतो. त्याचं नाव हे त्याच्या पानाकडे जाणारं दार होतं, कुणीही बोट लावलं की आत. तुमचा मजकूर त्याच्या पानावरही दिसू शकतो. आणि तुम्ही तो फेसबुकवर फक्त आपल्या मित्रांसाठी ठेवला असला, तरी त्या टॅगमुळे सहसा त्याच्या मित्रांनाही तो वाचता येतो. त्यांत त्याचा साहेब असतो, व्याही असतात, घरमालक असतो. आपण नाव घेतो एकाचं आणि ऐकतात शेकडो.

ज्यांनी परळ-लालबागच्या किंवा गिरगावच्या चाळीत दिवस काढले, त्यांना हे नवीन वाटू नये. चौकात उभं राहून तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडे मान वर करून नावाने हाक मारली, की ज्याला मारली तो सोडून सगळे बाहेर यायचे. सगळ्या चाळीला ऐकू जातं हे ठाऊक असल्यामुळे हाकेची एक रीत ठरून गेली होती. चाळीत फोन एखाद्याच घरी असे. बाकीचे आपल्या कागदपत्रांवर त्याचाच नंबर लिहीत आणि पुढे कंसात 'पी. पी.' टाकत. फोन आला की त्या घरचा मुलगा कठड्याला येऊन ओरडायचा, "मोरेकाका, फोन आलाय." तेवढंच. कुणाचा आलाय, कशासाठी आलाय, हे तो ओरडत नसे. गावाहून वाईट बातमी असेल तर त्या घरची बाई स्वतः चार पावलं चालत जायची, दाराशी उभी राहायची आणि हळू आवाजात सांगायची. हाक चौकातून, निरोप दाराशी. टॅग करणाऱ्याला याहून वेगळा नियम लागत नाही. नाव सर्वांसमक्ष घ्यायला हरकत नाही. त्या नावाबरोबर जे सांगता ते सर्वांसमक्ष सांगण्याजोगं आहे का, एवढं पाहावं.

रेडिओवरून बोलतो आहे, तर रेडिओचंही एक उदाहरण देतो. आकाशवाणीच्या 'आपली आवड' या कार्यक्रमात गाण्याआधी फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचली जात. अमुक गावाहून अमुक, त्यांच्या घरची मंडळी आणि मित्रपरिवार. आपलं नाव लागलं की घरात केवढा आनंद व्हायचा! लोक पोस्टकार्डं पाठवून आठवडेच्या आठवडे वाट पाहायचे. सार्वजनिक ठिकाणी स्वतःचं नाव ऐकण्याची हौस माणसाला आहेच, आणि तिला हसण्याचं कारण नाही. फक्त ती पोस्टकार्डं ज्याची त्याने धाडलेली असत. आपलं नाव आपणच निवेदकाच्या हाती दिलेलं असे.

उखाण्याचंही तसंच. बायका भोवती कोंडाळं करून "नाव घे, नाव घे" म्हणतात खऱ्या, पण नाव शेवटी ती स्वतः घेते. तिच्या वतीने मावशीने घेऊन चालत नाही.

दुसऱ्यांची नावं छापण्याचा आपला जुना आणि मोठा प्रकार म्हणजे लग्नपत्रिका. गिरगावात खाडिलकर रोडला पत्रिकांची दुकानं आहेत. तिथल्या नमुन्यांच्या वह्या चाळताना कुटुंब म्हणजे काय ते कळतं. वर निमंत्रक, मग 'आपले विनीत', खाली कोपऱ्यात घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांची किलबिल, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'. कुणाचं नाव आधी, कुणाचं नंतर, रुसलेल्या आत्याचं घालायचं की नाही, यावर रात्र-रात्र खल चालायचा. कारण एकदा छापलं की छापलं. खिळे जुळवून छपाई होत होती तेव्हा नाव वाढलं की काम वाढायचं, कधी पैसेही वाढायचे. रस्त्यावरच्या पाट्यांचंही तेच. पेंटर हाताने एकेक अक्षर रंगवायचा, म्हणून मंडळाच्या पाटीवर अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार एवढीच नावं मावत. नाव लिहायला कष्ट पडत होते, तोवर ते लिहिण्याआधी विचार होत होता.

मग फ्लेक्स आला. छपाई स्वस्त झाली आणि नाक्यानाक्यावर 'शुभेच्छुक' उगवले. गणपतीच्या आधी लालबाग-परळला फेरी मारा. शुभेच्छा देणारा एक असतो आणि खाली टपाल तिकिटांसारखे तीस चेहरे चिकटलेले असतात. त्यांतल्या प्रत्येकाला विचारलेलं असतंच असं नाही. सकाळी दूध आणायला गेलेल्या माणसाला आपण रातोरात एका नेत्याचे खंदे समर्थक झालो आहोत हे नाक्यावर कळतं. विरोधी गटातला त्याचा बालमित्र त्या दिवशी चहाला थांबत नाही. अशा बेकायदा फलकांवरून मुंबई उच्च न्यायालयाने अनेकदा खडे बोल सुनावले आहेत. फलक पालिका उतरवते, पण मित्राच्या मनात जे बसलं ते पालिकेला उतरवता येत नाही. फेसबुकवर पन्नास जणांना टॅग करून आपली कविता, आपलं दुकान किंवा आपला नेता लोकांपुढे ठेवणारा माणूस हाच फ्लेक्स लावत असतो. फरक इतकाच, की त्याला छपाईचाही खर्च येत नाही.

यात नुकसान होऊन होऊन काय होणार, असं कुणी म्हणेल. त्यांना २०१२ सालची पालघरची गोष्ट आठवावी लागेल. १७ नोव्हेंबरला बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी दादरला शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले. मुंबई बंद होती. त्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या ओळींखाली 'लाइक'चं बटण दाबलं. दोघींना अटक झाली. लिहिणारीला झाली आणि जिचं नाव त्या मजकुराला चिकटलं होतं, तिलाही झाली. पुढे ते प्रकरण बंद झालं. त्या घटनेनंतर श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ हे कलम न्यायालयाने रद्द ठरवलं. कलम गेलं. पण मजकुरापाशी ज्याचं नाव दिसेल त्याला धरण्याची लोकांची सवय कलमाबरोबर गेली नाही. आणि बघा, 'लाइक'मध्ये निदान अंगठा आपला असतो. टॅगमध्ये बटण दाबणारा वेगळा आणि नाव दिसणारा वेगळा.

नावाला चेहरा जोडला की आणखी एक गोष्ट घडते, ती आपल्या डोळ्यांआड घडते. लोक हौसेने फोटोंना नावं जोडत गेले आणि त्यांतून यंत्र चेहरे ओळखायला शिकलं. २०१० च्या सुमारास फेसबुक स्वतःहून सुचवू लागलं की हा चेहरा तुमच्या अमुक मित्राचा दिसतो, टॅग करायचं का? अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात संमतीशिवाय चेहऱ्याचं मोजमाप घेण्याविरुद्ध २००८ पासून कायदा होता. त्याच्या आधारे लोक कोर्टात गेले आणि २०२१ साली ६५ कोटी डॉलरच्या तडजोडीवर कोर्टाने शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेसबुकने ती ओळखण्याची यंत्रणा बंद करून शंभर कोटींहून अधिक चेहऱ्यांची नोंद पुसत असल्याचं जाहीर केलं. पुढे टेक्सास राज्याशी २०२४ साली १४० कोटी डॉलरची तडजोड झाली. सहलीच्या फोटोतल्या मित्राच्या चेहऱ्यावर आपण ठेवलेलं एक बोट इतक्या लांब पोचतं.

मग टॅग करूच नये का? तसं मी म्हणणार नाही. हाक नसेल तर चाळ कसली? टॅगचं खरं मोल मला परळमध्ये कळतं. परळ ही इस्पितळांची वस्ती. के. ई. एम. आहे, टाटा मेमोरियल आहे, वाडिया आहे. महाराष्ट्रातून आणि महाराष्ट्राबाहेरून माणसं इथे येतात आणि त्यांना रक्त लागतं. याच शहरात डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली एका वेगळ्याच रक्तगटाची नोंद केली. जगभर त्याला 'बॉम्बे' रक्तगट म्हणतात. साध्या तपासणीत तो 'ओ' असल्यासारखा भासतो, पण या गटाच्या माणसाला 'ओ' गटाचं रक्तसुद्धा चालत नाही, त्याच्याच गटाचं लागतं. आपल्या देशात सुमारे दहा हजार माणसांत असा एक. अशा रुग्णासाठी दाता शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं. त्या वेळी रक्तपेढीत काम करणाऱ्या, दात्यांची यादी बाळगणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला केलेला एक टॅग जीव वाचवू शकतो. मात्र तिथेही रीत आहे. नेमक्या माणसाला टॅग करा, पन्नासांना नको. पन्नास जणांना हाक मारली की प्रत्येकाला वाटतं उरलेले एकोणपन्नास धावतील. तारीख लिहा, इस्पितळ लिहा, आणि रक्त मिळालं की तो मजकूर काढून टाका. नाहीतर बरा होऊन घरी गेलेल्या माणसासाठी लोक पुढची तीन वर्षं रक्त शोधत राहतात.

आणि त्याच परळमध्ये याची दुसरी बाजूही दिसते. कोकणातला एक मुलगा उपचारांसाठी आलेला असतो. आईला त्याने 'साधी तपासणी आहे' इतकंच सांगितलेलं असतं. भेटायला आलेला मित्र खाटेशेजारी उभा राहून फोटो काढतो, 'लवकर बरा हो, भावा' असं लिहितो आणि त्याला टॅग करतो. मित्राचं प्रेम खोटं नसतं. पण संध्याकाळी गावाकडे शेजारणी आईजवळ येऊन बसतात, तिला पाणी देतात, आणि तिला काहीच कळत नाही. जी गोष्ट दाराशी जाऊन सांगायची, किंवा ज्याची त्याने वेळ पाहून सांगायची, ती चौकातून ओरडली गेलेली असते. आजारपण, नोकरी गेल्याची बातमी, मोडलेलं लग्न, पोटातलं मूल, या ज्याच्या त्याच्या बातम्या आहेत. मृत्यूची बातमीही तशीच. आपल्याकडे नाक्यावरच्या फळ्यावर खडूने 'दुःखद निधन' लिहिलं जातं, पण घरच्यांच्या आधी ते लिहायला कुणी धावत नसे. वडील गेल्याचं मुलाला आधी फोनवरून कळावं, टॅगवरून नव्हे.

आता थोडं स्वतःबद्दल बोलतो, कारण विषयच तिथे येऊन थांबतो. माझं नाव मुसलमानाचं आणि लिहिणं मराठी. रमजान ईदच्या सकाळी माझा फोन सारखा वाजत असतो. शिरखुर्म्याच्या वाटीचं एकच चित्र तीस जणांनी पाठवलेलं असतं आणि तिसांनी मला टॅग केलेलं असतं. मला आनंदच होतो. वाटी चित्रातली असली तरी आठवण खरी असते. पण कधी तरी, मी आयुष्यात कधीही न गेलेल्या एखाद्या गावी, काही अघटित घडतं आणि त्या संध्याकाळीही फोन वाजतो. कुणी तरी संतापून लांबलचक मजकूर लिहिलेला असतो आणि शेवटी माझं नाव जोडलेलं असतं, 'यावर आमचे कवी काय म्हणतात?' खाली चाळीस माणसं उत्तराची वाट पाहत बसलेली. ज्याने टॅग केलेलं असतं त्याच्याशी मागच्याच आठवड्यात गझलेतल्या काफियावरून माझा छान वाद झालेला असतो. त्या दिवशी त्याला काफिया आठवत नाही, माझं आडनाव आठवतं. मग दुसऱ्या बाजूनेही टॅग येतो, 'आपल्या माणसांसाठी तुमची लेखणी कधी उठणार?' उत्तर दिलं तर ते उशिरा दिलेलं असतं, नाही दिलं तर मी गप्प बसलेला असतो. त्या दोन्ही मजकुरांत मी कुठेच नसतो. माझं नाव तेवढं असतं. मुंबईच्या भाषेत सांगायचं तर पावती माझ्या नावाने फाडलेली असते.

हाक आणि समन्स यांत फरक आहे. हाकेला 'आलो' म्हणता येतं, 'नंतर येतो' म्हणता येतं, झोपलो आहे असं दाखवून पडूनही राहता येतं. समन्सला ही मुभा नाही. अशाच एका संध्याकाळी दादरच्या एका मित्राचा फोन आला. त्याने कुठे काही लिहिलं नव्हतं. तो म्हणाला, "काय रे, जेवलास का? घरी सगळे ठीक ना?" मग आम्ही त्या घटनेबद्दलच तासभर बोललो. तो माझ्याशी भांडला, मी त्याच्याशी भांडलो. माझी मतं मी लपवत नाही, पण ती मांडायला समोर माणूस लागतो, चाळीस जणांची गॅलरी नव्हे.

याचा अर्थ चिठ्ठी मुळातच वाईट असाही नाही. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा काही लेखकांनी 'मुस्लिम मराठी' ही चिठ्ठी आपल्या हाताने आपल्या कॉलरला लावली. आमच्या घरातली मराठी, आमच्या मोहल्ल्यातलं जगणं साहित्यात दिसत नाही, ते आम्ही लिहू, असं त्यामागे होतं. त्याच वर्षी पुण्याला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते, संतसाहित्याचे अभ्यासक म्हणून. दोन्ही गोष्टी मला प्रिय आहेत. एका ठिकाणी चिठ्ठी होती, दुसऱ्या ठिकाणी तिची गरज नव्हती, आणि दोन्हीकडे निर्णय ज्याचा त्याचा होता.

कायदा यात किती मदत करतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. पण एखाद्याने आपल्या खासगी किंवा घरगुती कारणासाठी दुसऱ्याची माहिती वापरली, तर त्याला तो कायदा लागू होत नाही. आणि ते बरोबरच आहे. मित्राने मित्राचा फोटो लावला म्हणून सरकारने मध्ये पडावं असं कुणाला वाटेल? म्हणजे कंपन्यांना आवरायला कायदा आहे, आपल्याला आवरायला आपणच.

त्यासाठी थोडी कडीकोयंड्याची माहिती घरात असावी. फेसबुकच्या सेटिंगमध्ये टॅगिंगचा एक भाग असतो. कुणी टॅग केलेला मजकूर आपल्या पानावर दिसण्याआधी आपल्याला विचारला जावा, अशी सोय तिथे करता येते. इन्स्टाग्रामवर आपल्याला कोणी टॅग करावं, सर्वांनी, ओळखीच्यांनी की कोणीच नाही, हे ठरवता येतं. झालेला टॅग काढताही येतो. मजकुराच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं की सहसा तो पर्याय सापडतो. मात्र त्याने आपलं नाव निघतं, मजकूर तिथेच राहतो, हे लक्षात असू द्या. आणि मित्राने आपला टॅग काढला तर रुसू नका. चाळीत कुणी दुपारी दार लोटून घेतलं, तर आपण त्याचा राग धरत नव्हतो. माणूस झोपला असेल, म्हणत होतो.

टॅग करण्याआधी माझ्यापुरता मी एक साधा ताळा करतो. या गोष्टीत मित्राचा वाटा आहे का? तो फोटोत होता, त्याने पुस्तक दिलं, त्याने गाडी चालवली, त्याने ओळ सुचवली, तर त्याचं नाव यायलाच हवं. ते न घेणं हाही एक अन्यायच. पण वाटा नसताना नाव जोडायचं असेल, तर मी ते का जोडतो आहे? त्याला आनंद व्हावा म्हणून, की त्याच्या ओळखीचे हजार लोक माझ्याकडे यावेत म्हणून? उत्तर मनातल्या मनात लगेच मिळतं. शंका असेल तर दोन शब्दांचा निरोप पाठवून विचारतो, 'नाव घालू का?' आजवर या प्रश्नाने कुणी दुखावलेला मी पाहिला नाही.

नाव घ्यावं तर कसं, याचा एक दाखला आपल्या शाहिरीत आहे. कवनाच्या शेवटी शाहिराने आपलं नाव घालायची रीत होती. संतांच्या अभंगातही ती आहे आणि गझलेच्या मक्त्यातही आहे. जे बोललो त्याला मी जबाबदार, असं सांगणारी ती सही. पेशवाईच्या अखेरीला होनाजी नावाचा शाहीर होऊन गेला. तो रचायचा आणि त्याचा मित्र बाळा करंजकर गायचा. होनाजीला सही एकट्याची करता आली असती, रचना त्याचीच होती. पण नाव झालं ते 'होनाजी बाळा'. व्ही. शांताराम यांच्या परळच्या राजकमलने १९५१ साली होनाजीवर 'अमर भूपाळी' हा चित्रपट काढला. आजही पुष्कळांना होनाजी बाळा हे एकाच माणसाचं नाव वाटतं, इतका तो मित्र त्या सहीत मिसळून गेला आहे. बाळाचा आवाज कुणी टिपून ठेवलेला नाही. होनाजीने शेजारी घेतलं म्हणून त्याचं नाव तेवढं आपल्यापर्यंत पोचलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)